पाणमोराची अंडी

माझी बायको आषाढात गेली, तेव्हा आमच्या कॉलनीमागच्या तळ्यात पाणमोराच्या घरट्यात चार अंडी होती. दवाखान्यात ती मला रोज एकच गोष्ट विचारायची, "फुटली का?" मी म्हणायचो, "नाय अजून." खरंच सांगत होतो. सकाळी तळ्यावर चक्कर मारूनच मी दवाखान्यात जात होतो. पुढं तिचं बोलणं तुटायला लागलं. तरी एकदा शब्द जुळवून नीट म्हणाली, "फुटली की पयलं मला सांगा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको." मी व्हय म्हणालो. त्यानंतर ती बोलली नाही.

मला लिहायची सवय नाही. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी गंगापूरकडच्या एका खेड्यात जन्मलो. शाळा चौथीपर्यंत. पुढं लाल यष्टीचं स्टेअरिंग हातात आलं ते निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही. कन्नडचा घाट उतरलो, सोयगावला मुक्काम केले, पण ड्रायव्हरची नजर रस्त्यावर. कडंला पाणी दिसलं तर रस्ता खचलाय का एवढंच बघायचं. पाण्यावर काय बसलंय हे बघायला मला हिनं शिकवलं, आणि तेही दोघांचे केस पांढरे झाल्यावर.

त्याचं असं झालं की हिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. कॉलनीत चालायची हिला लाज वाटायची. लुगड्याखाली बूट दिसले की पोरं हसतात म्हणायची. म्हणून आम्ही कॉलनीच्या मागच्या तळ्यावर जायला लागलो. तळं काही मोठं नाही. एका अंगाला मातीचा बांध, एका अंगाला बाभळी, बाकी कडेनं पाणकणीस. मधोमध कमळाची पानं आणि जलपर्णी. नकाशात त्याला नाव असेल. आम्ही तळंच म्हणतो.

पहिल्याच दिवशी मी तरातरा पुढं निघालो आणि वळून बघतो तर बाई बांधावर फतकल मारून बसलेली.

म्हणलं, "डॉक्टरनं चालायला सांगितलं का बसायला?"

ती तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "गप बसा जरा. ते बघा कसं बुडी मारतंय. आता कुठं निघतं सांगा बघू."

मी बोट दाखवलं एकीकडं, पाखरू निघालं भलतीकडंच. ती हसली. तेव्हापासून चालणं कमी आणि बसणं जास्त असा आमचा रोजचा नेम झाला. तिची साखर काही उतरली नाही. पण डॉक्टरांना आम्ही दोघंही चालतो म्हणूनच सांगायचो.

तिचं माहेर सोयगावकडं, डोंगराच्या पायथ्याला. घराला लागूनच पाझर तलाव होता. शाळेत ती गेलीच नाही, पण पाण्यावरचं पाखरू उठण्याच्या ढंगावरून ओळखायची. नावं सगळी तिनंच ठेवलेली. टिबुकलीला ती बुडी म्हणायची. शेकाट्याला लाल काठीवाला. कमळाच्या पानांवरून चालणारं, पांढऱ्या पंखांचं, मानेवर सोन्यासारखा पट्टा आणि मागं लांब काळी शेपटी असलेलं पाखरू पावसाळ्यात दिसायचं, त्याला पाणमोर. रविवारी शहरातून गळ्यात दुर्बिणी अडकवून काही मंडळी यायची. ते म्हणाले, काकू, याला कमळपक्षी म्हणतात. ती म्हणाली, "म्हणा की. मी कुठं नाय म्हणते?" आणि परत पाणमोरच म्हणाली.

त्या मंडळींबरोबर आम्ही सुखनाच्या धरणावर जायचो. थंडीत एकदा जीप करून पैठणच्या नाथसागरावरही गेलो, रोहित पक्षी बघायला. आमचा पोरगा वाळूजला कंपनीत आहे. पहिल्या बोनसातनं त्यानं आईला दुर्बीण आणून दिली होती. ती तिनं मरेपर्यंत उलटीसुलटी करूनच डोळ्याला लावली. नाथसागरावर सगळे रोहितांना बघून वा वा करत होते आणि ही दशम्यांचं गठुडं सोडून चिखलात पळणाऱ्या एका धोबी पाखराकडं बघत बसली. मी म्हणलं, "अगं, एवढ्या लांब आलो ते समोर बघ ना." तर म्हणते, "त्यांना बघायला लई जण हायेत. ह्याला कोण बघणार?"

पाणमोराचं अंड्यावर बसायचं काम नर करतो, मादी अंडी घालून निघून जाते, हे त्या मंडळींतल्या एका पोरीनं सांगितलं. त्या दिवशी मला घरी जाईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं.

"ऐकलं का? बाप बसतो म्हणे अंड्यावर."

"ऐकलं."

"आमचा पोरगा झाला तवा बाप कुठं होता?"

"ड्यूटीवर होतो. तुला माहिती नाही का?"

"व्हय, घाटात. तीन दिसांनी आला आन म्हणतो, पाणी दे."

बांधावर आमच्याबरोबर चहा प्यायला माझा एक दोस्त यायचा. जन्मभर हिमरू शालींच्या हातमागावर बसलेला माणूस. बारीक विणकामानं डोळे गेलेले, आता मोतीबिंदू. पाखरू दिसायचं नाही त्याला, पण आमची भांडणं ऐकायला यायचा. तो म्हणाला, "भाभी, आज तो आपने इसकू पूरा धो डाला." आणि आपल्याच बोलण्यावर चहा सांडेपर्यंत हसला.

यंदा पाऊस वेळेवर लागला आणि कमळाच्या पानांत, बांधापासून थोड्या अंतरावर पाणमोरानं घरटं केलं. घरटं म्हणजे काय, तरंगत्या पाल्याचा चिखलट ढीग. त्यात तपकिरी, चकाकणारी चार अंडी. रोज सकाळी ही दुर्बीण लावून बघायची आणि मला म्हणायची, "हाये. बसलाय बापडा." सरी येऊन जायच्या, नर पंख पसरून अंडी पोटाखाली ओढून घ्यायचा. हिला दुसरं काही सुचत नव्हतं. सुनेनं नळाचं पाणी भरायला हाक मारली तरी ही बांधावर.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. आठ-आठ दिवस वाट बघावी लागते. म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, बादल्या भरलेल्या. आमच्या दारात तर तीन निळे ड्रम. हे मी मुद्दाम सांगतोय.

हिला ताप आला. दोन दिवस तिनं अंगावर काढला आणि तिसऱ्या दिवशी बांधावरच चक्कर येऊन बसली. दवाखान्यात सांगितलं, डेंगू. साखर होतीच, त्यात मूत्रपिंडं बसली. पोरगा रात्रंदिवस दवाखान्याच्या पायऱ्यांवर. त्याच्या डोक्यात एकच बसलं, तळ्यावरच्या डासांनी आईला धरलं. मला म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला सांगत होतो त्या घाणीत जाऊन बसू नका." आजारी माणसाच्या उशाशी काय वाद घालायचा?

ती गेली. पोरानं अग्नी दिला आणि आम्ही सुतकात बसलो.

गंगापूरकडून माझे थोरले भाऊ, दादा, आले होते. ऐंशीच्या पुढचे, रझाकारीच्या टायमाला बापाच्या खांद्यावर बसून रानात लपलेले. आमच्या भावकीत त्यांचा शब्द चालतो. ओसरीत सतरंजी टाकून मला त्यांच्या शेजारी बसवलं. लोक येत होते, थोडा वेळ बसत होते, उठताना जातो न म्हणता उठत होते. शेजारणी पिठलं-भाकरी आणून देत होत्या. माझ्या डोक्यात काय चाललंय हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेर सरी पडत होत्या आणि मी मोजत होतो, आता नर बसला असेल, आता उठला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपलात पाय घातला.

दादा म्हणाले, "कुठं रे?"

"तळ्यावर. पटकन येतो."

"काय हाये तिथं?"

"अंडी बघायची हायेत."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मग ओसरीत बसलेल्या लोकांकडं बघितलं. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बायको जळून राख निवली नाय आन म्हातारा पाखरं बघायला चालला. लोक शेण घालतील तोंडात. बस खाली." मी बसलो. थोरल्या भावापुढं मी कधी उभा राहिलो नाही, तेव्हाही राहिलो नाही.

दोस्त भेटायला आला. त्याला मी कानात विचारलं, "जाऊन बघशील का रे? कमळात, बांधाच्या सरळ रेषेत. बसलाय का नुसतं बघ." तो उठून गेला. तासाभरानं परत आला, दारातूनच मान हलवली. "है, है. बैठा है तेरा मोर." मला बरं वाटलं. पुढच्याही दिवशी तो तसंच सांगून गेला. त्याच्या डोळ्यांचं मला माहीत होतं, तरी मी त्याच्या बोलण्यावर राहिलो. सुतकात दुसरं काय धरून बसायचं होतं?

मग आरोग्य खात्याची एक बाई आली. ज्या घरात डेंगू निघाला तिथली भांडी तपासायला. तिनं निळ्या ड्रमांची झाकणं काढली, बॅटरी मारली आणि सुनेला जवळ बोलावून दाखवलं. पाण्यात बारीक किडे वळवळत होते. बाई म्हणाली, "ताई, हा डास साठवलेल्या चांगल्या पाण्यात होतो. झाकणं नीट लावत जा." सुनेनं पदर तोंडाला लावला. पोरगा तेव्हा घरात नव्हता. सामान आणायला गेला होता.

त्याच दुपारी मागनं घरघर ऐकू यायला लागली. लई मोठं यंत्र असल्यासारखी. मी सुनेला विचारलं, "कशाचा आवाज हाये?" ती म्हणाली, "तळं साफ करायलेत, बाबा. डासांमुळं." मी उठलो तर दादांनी माझ्या धोतराचा सोगा धरला. "आता हललास तर मी गावाला जातो आन परत ह्या उंबऱ्याला येत नाय." आवाज संध्याकाळपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, दादा परसात गेले होते तेवढ्यात, मी बाहेर पडलो. चपलाही घातल्या नाहीत.

तळं ओळखू येईना. मधलं पाणी उघडं पडलं होतं, गढूळ, नुसतं आभाळ दिसत होतं त्यात. बांधावर पिवळं यंत्र उभं, त्याचा लांब हात अजून ओला. जलपर्णी, कमळाचे देठ, पाणकणीस, पिशव्या, गणपतीचे जुने लाकडी पाट, सगळ्याचा डोंगर बांधालगत घातलेला. त्यातून पाणी निथळत होतं. मी त्या ढिगात हात घातला. कमळाची पानं बाजूला करत गेलो. गोगलगायी निघाल्या, एक छोटा साप निघाला. यंत्राच्या केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर खाली उतरला.

"बाबा, काय हरवलं?"

"अंडी."

"कोंबडीची?"

"पाणमोराची. चार होती. कमळात."

त्यानं माझ्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. गमत्या माणूस असावा, पण हसला नाही. म्हणाला, "मला वरून पाला दिसतो हो, बाबा. एक पांढरं पाखरू लई ओरडत फिरत होतं काल. मला वाटलं बेडूक खायला आलंय."

"कुणी सांगितलं साफ करायला?"

"इथलेच लोक येऊन भांडले म्हणे हपिसात. एकाची आई डेंगूनं गेली. त्यानं तर रडून गोंधळ घातला."

त्यानं मला हात धुवायला बाटलीतलं पाणी दिलं. तेवढ्यात पाखराचा आवाज आला. पाणमोर पलीकडच्या कडेला, उरलेल्या थोड्या पाणकणसाजवळ होता. उडायचा, यायचा, परत उडायचा. त्याच्या पायाखाली अंडी असली तर मला बांधावरून दिसत नव्हती. दुर्बीण घरात, तिच्या ट्रंकेत. सुतकात ट्रंक कुणी उघडू देत नव्हतं. मंडळींतली पोरगी एकदा म्हणाली होती की पाणी वाढलं तर नर अंडी चोचीनं नि गळ्यानं ढकलत दुसरीकडं नेतो. मी ते कधी बघितलेलं नाही.

घरी दारातच दादा आणि पोरगा उभे होते. दादा काय काय बोलले ते लिहीत नाही. पोरगा म्हणाला, "बाबा, निदान आज तरी... त्या तळ्यानंच आई नेली."

मी चिखलाचे हात तसेच धरून उभा होतो. म्हणालो, "तळ्यानं नाय नेली. डास आपल्या ड्रमात होते. बायकोला विचार तुझ्या. आन तुझ्या आईनं जे मला बघायला सांगितलं होतं ते तू काल यंत्र लावून उचकटून काढलंस."

अंड्यांची गोष्ट त्याला तेव्हा पहिल्यांदा कळली. तो ड्रमांपाशी गेला. एक ड्रम त्यानं लाथेनं आडवा केला. आठवड्याचं पाणी अंगणातून वाहत रस्त्यावर गेलं आणि शेजारचे बघत राहिले. त्यानंतर दहाव्यापर्यंत तो आणि मी एकमेकांशी बोललो नाही.

दहावा कायगावला केला, गंगेच्या म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी. पाणी चढलेलं, तांबडं. डोकी भादरली, गुरुजींनी विधी केले, पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. कावळे काठावरच्या लिंबावर होते, भरपूर होते. एक खाली उतरला, लांबून चालत आला, वळून गेला. मी एवढी वर्षं पाखरं बघितलेली. मला दिसत होतं की आमच्या आधी त्याच घाटावर दोन घरचे पिंड झालेत आणि कावळ्यांची पोटं भरलीत. पण तिथं उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग? मलाही आतून ते खरं वाटत नव्हतं.

दादा मोठ्यानं म्हणाले, "बाई, काही मागं ठेवू नको. ह्याला आम्ही बघू. एकटा सोडणार नाय."

कावळा आला नाही.

सून म्हणाली, "आत्या, बाबांना टायमावर खायला घालीन. चिडणार नाय."

कावळा आला नाही. लोक एकमेकांना म्हणायला लागले, काही राहिलं असेल, आठवा. दादांनी माझ्या पाठीला हात लावला. "बोल की. तुझ्यापाशी काय बोलली होती का?"

तेवढ्यात पोरगा पुढं झाला. मुंडण केलेलं डोकं, हातात दर्भाची अंगठी. हात जोडून ओरडलाच, "आई, अंडी फुटली! चारीच्या चारी पिल्लं निघाली. मी बघितली. जा तू आता."

लोकांना काही कळलं नाही. दादांनाही नाही. पण दादा लगेच म्हणाले, "हां, झालं, सांगितलं पोरानं, आता शिवंल."

आणि मी म्हणालो, "नाय."

सगळे माझ्याकडं वळले.

मी पिंडाकडं बघून म्हणालो, "फुटली का नाय मला ठाऊक नाय. यंत्रानं पाला काढला. मी हातानं शोधलं, घावली नाय. बाप पलीकडं ओरडत होता. कळलं की मीच सांगीन. पोराचं ऐकू नको."

पोरगा खाली बसला. दादा माझा दंड धरून दातओठ खात म्हणाले, "अरे गाढवा, एवढं खोटं ऱ्हाऊ द्यायचं होतं! कुणाचं काय जात होतं?" कावळा नाहीच आला. ऊन चढलं, पाठीमागं दुसऱ्या घरचे लोक त्यांचे पिंड घेऊन खोळंबले होते. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं.

येताना जीपमध्ये दादा पुढं बसले, आम्ही बापलेक मागं. गंगापूरचा फाटा गेल्यावर पोरगा म्हणाला, "मी तिच्यासाठीच बोललो, बाबा."

"माहिती हाये."

"मग तुम्ही तिच्यासमोर मला खोटं पाडलं."

"तिनं सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. उसाची शेतं मागं जात होती. मग म्हणाला, "मला सांगितलं असतं तिनं, तर मी यंत्र आणलं असतं का?" पोराला सांगायची गोष्ट होती ती? म्हातारा-म्हातारीचा सकाळचा नाद. कोण सांगतं पोराला?

दादांनी पुढं मला फोन केला नाही. दिवाळीला पोरगा त्यांना आणायला गेला, तरी आले नाहीत. म्हणाले, ज्यानं बायकोचा कावळा अडवला त्याच्या घरचं मी खात नाय. भावकीत आता माझं हेच नाव झालंय. दोस्त मात्र येतो. मी त्याला एकदा विचारलं, तुला खरंच दिसला होता का बसलेला? तो म्हणाला, "मेरेकू कुछ सफेद-सफेद दिखा. मैं बोला, वोइच होंगा. और क्या बोलता तेरेकू उस वक्त?"

मी तळ्यावर जातो. ट्रंकेतली दुर्बीण काढली, आता मीच लावतो. कमळ मुळातून निघालं नव्हतं, पाऊस सरेपर्यंत थोडी पानं परत वर आली. पाणकणीस कडेनं फुटलं. कार्तिकात बदकं उतरली. पाणमोर आहेत, पण थंडीत त्यांची लांब शेपटी गळते, मानेवरचं सोनं उतरतं, सगळे मळकट तपकिरी होतात. यंदाची मोठी झालेली पिल्लंही तशीच दिसतात म्हणे. मंडळींतल्या पोरीनं मला एक-एक दाखवून समजावलं, मला फरक कळला नाही. तीही मग म्हणाली, काका, एवढ्या लांबून मलाही नक्की सांगता येणार नाही.

गेल्या रविवारी पोरगा माझ्यामागं आला. मी बोलावलं नव्हतं. बांधावर तिच्या जागेला न बसता थोडा अलीकडं बसला. मी त्याच्याकडं दुर्बीण दिली. कमळाच्या पानांवर पाच पाणमोर चालत होते. त्यानं लई वेळ बघितलं.

"ह्यातलं आपलं कुठलं असेल?" त्यानं विचारलं.

"असेल का नाय हेच ठाऊक नाय."

"मग आईला काय सांगायचं?"

"अजून काय सांगायचं नाय," मी म्हणालो, आणि आम्ही परत पाण्याकडं बघत बसलो.